तीन नंबरच्या घुमटातलं विरजण

सोमवार, १४ नोव्हेंबर १९८८

पोचलो एकदाचा शेलारला! भिवंडीच्या एसटी स्टँडवर मालक स्वतः स्कूटर घेऊन उभे होते, म्हणजे आपला भाव बराच आहे म्हणायचा. केसरीनाथ पाटील त्यांचं नाव. वडिलांची भाताची जमीन होती, त्यातली काही गोदामांना गेली आणि उरलेल्या तुकड्यावर यांनी नवसागराचा कारखाना टाकला. माझ्याशी बोलायला सारखे मागे वळत होते आणि मी देवाचं नाव घेत होतो. ट्रक, सायकली, सुताच्या गाठोड्यांनी लादलेल्या हातगाड्या, या सगळ्यांतून त्यांनी स्कूटर अशी काढली की विचारू नका.

खोली कारखान्याच्या कुंपणातच आहे, मागच्या बाजूला. लादी गुळगुळीत, मोरी आतच, कोपऱ्यात पाण्याचा नवा माठ. खिडकीतून कापणी झालेली खाचरं दिसतात आणि लांबून मागांचा खडखडाट येत राहतो. त्या आवाजात सरलाला झोप कशी लागायची, हीच काय ती काळजी. रोह्याला तिला शेजारच्यांचं भिंतीवरचं घड्याळसुद्धा सहन होत नाही. मी स्थिरस्थावर झालो की पुढच्या महिन्यात ती येईल. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही आणि केमिस्टसाहेब इथे एकटे. तोवर या वहीशीच गप्पा.

मालकांच्या आईला सगळे आक्का म्हणतात. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पाठवलं होतं. भाकरी पातळ आणि मऊ, कालवण झणझणीत. पोटभर जेवलो.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

सरला विचारणारच की तुम्ही तिथे नक्की करता तरी काय, म्हणून नीट मांडून ठेवतो.

कल्हईवाला तापल्या भांड्यात भुकटी टाकतो आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो, तो नवसागर. हे मीठ तापवलं तर वितळत नाही, सरळ हवेत जातं. जातानाही एकसंध जात नाही, त्याचे दोन वायू होतात. एक अमोनिया, दुसरा हायड्रोक्लोरिक आम्लाचा. तापलं की नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे! पण गार जागा सापडली की दोघं पुन्हा एकत्र येतात आणि तिथेच मीठ धरतं, पहिल्यासारखं. अमोनिया हलका, म्हणून तो आधी पोचतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. मागून आम्ल येतं, ते घशाला लागतं. त्यानंतर पांढरं दिसायला लागतं.

आमच्याकडे भट्टीवर मोठाल्या लोखंडी कढया बसवल्या आहेत आणि प्रत्येकीवर एक घुमट, आत माणूस वाकून उभा राहील एवढा. कढईत कच्चा नवसागर तापवायचा. तो वर जातो आणि घुमटाला आतून शुद्ध होऊन चिकटतो. भट्टी निवली की कप्पीने घुमट उचलायचा आणि आतला थर खरवडून काढायचा. हे काम पंढरी मुकादम बघतो. पन्नाशीचा, काटकुळा, शब्दाला महाग.

एक गंमत कळली. घुमट कधीच पूर्ण खरवडत नाहीत. हातभर जुना थर ठेवतात आणि त्याला विरजण म्हणतात. नवं मीठ त्या जुन्यावर चटकन धरतं. आमच्या कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने चोख आहे. मला तर हा शब्दच फार आवडला.

बुधवार, २३ नोव्हेंबर

तीन नंबरच्या घुमटातलं विरजण आज पहिल्यांदा जवळून पाहिलं. हातभर कसलं, चांगलं कमरेच्या वर येईल एवढं आहे. खाली रुंद, वर निमुळतं, आणि टोकाला एक गोळा. कोणी बाई भिंतीकडे तोंड करून, अंबाडा घालून बसली आहे असं वाटतं. मी म्हटलं, दुपारची वामकुक्षी चाललीय वाटतं! कोणी हसलं नाही. विनोद फुकट गेला.

मुद्दा वेगळाच आहे. बॅटरीचे सेल बनवणारी एक कंपनी आमचा माल घ्यायला तयार आहे, पण पिवळसर झाक चालणार नाही. बाकी घुमटांचा माल पांढराशुभ्र येतो आणि तीन नंबरचा पिवळट. कारण हे जुनं विरजण. मालकांना सांगितलं की ते काढून टाकायला हवं. ते नखं बघायला लागले. म्हणाले, तुम्ही शिकलेले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

शनिवार, २६ नोव्हेंबर

पंढरीने चक्क नाही म्हटलं. "साहेब, राहू द्या ते. तिथं हाय तवर कोनाला तरास न्हाय," एवढंच बोलला आणि फाटकाबाहेर जाऊन बिडी ओढत बसला. मला राग आला. दुसऱ्या दोघांना लावून तो गोळा फोडला. हातोडीखाली तो इतर थरांसारखा कुरकुरीत फुटला नाही, ओलसर ढेकळासारखा तुटला. आत पाटलीसारख्या गोल खुणा होत्या, लुगड्याच्या विणीसारखी जाळी होती. स्फटिक कसेही वाढतात म्हणा.

घुमट धुतला, पुसला, लख्ख केला. फोडलेला माल वाया कशाला घालवायचा, म्हणून तो पुन्हा त्याच कढईत टाकायला सांगितला. सोमवारी भट्टी पेटवू.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

विचित्र प्रकार. तीन नंबरचा घुमट उचलला तर आत काही नाही. धुतला होता तसाच कोरडा. आणि कढईही रिकामी. एवढा माल गेला कुठे? सगळे सांधे मी स्वतः तपासले, कुठे फट नाही. भट्टीपाशी पांढरं पडलेलं नाही, छपरावर नाही, कुठेच नाही.

मालकांचा चेहरा पडला होता. पंढरीने मला विचारलं की साहेब, खोलीत काही गार वस्तू आहे का. म्हटलं, माठ आहे, पाणी प्यायचंय का? तो मान हलवून निघून गेला.

शुक्रवार, २ डिसेंबर

दुपारी जेवायला खोलीवर आलो. दार उघडताच डोळे चुरचुरले, मग घसा. माठ पांढरा झाला होता. आधी वाटलं शेवाळ सुकलं असेल. जिभेला लावून पाहिलं तर खारट आणि थंडगार. नवसागर.

कारखान्याच्या कुंपणात राहतो, थोडी धूळ येणारच. पण धूळ सगळीकडे बसते. हे फक्त माठावर होतं, आणि तेही दोन्ही बाजूंना, पंजांच्या आकारात. कोणीतरी माठाला मिठी मारावी तसं. बोटं बारीक होती. मी माठ धुतला, पालथा घातला आणि कामावर परत गेलो. नीट जेवलोच नाही.

सोमवार, ५ डिसेंबर

काल रविवार म्हणून दुपारी लादीवरच आडवा झालो. गार लादी बरी वाटते. जाग आली ती अमोनियाच्या वासाने. पाय बधिर झाले होते. उठून पाहतो तर घोट्यांपासून खाली पांढरं, आणि त्यावर पकडल्याच्या खुणा. पाय धरून कोणी वर चढू पाहावं तशा.

धुतलं. पाण्यात हे मीठ विरघळताना आणखी गार होतं, हे मला माहीत होतं. पण इतकं! हाडापर्यंत कळ गेली. निघालं सगळं. अंग पुसून शर्ट घालेपर्यंत पुन्हा धरलं. मला भीती वाटतेय, उगाच शब्द कशाला फिरवायचे. मला फार भीती वाटतेय.

आज डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी थर्मामीटर झटकला, पुन्हा लावला, पुन्हा झटकला. पारा चढत नाही. अशक्तपणा म्हणाले, गरम राहा म्हणाले. पायमोजे काढायचं धाडस मला झालं नाही.

गुरुवार, ८ डिसेंबर

पंढरीला खोलीवर बोलावून पाय दाखवले. तो खाली बसला आणि रडायलाच लागला. मग सांगितलं.

गोदू नावाची बाई इथे खरवडायच्या कामाला होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी, कडक दुपारी, ती तीन नंबरच्या घुमटात शिरली. घुमट एका बाजूने ठोकळ्यावर टेकवलेला होता आणि आत छान गार असतं. भिंतीकडे तोंड करून तिथेच तिला झोप लागली. मालकांना माल घाईने हवा होता. पंढरीने आत वाकून पाहिलं नाही, ठोकळा काढला, घुमट बसवला आणि भट्टी पेटवली. दुसऱ्या दिवशी उचलला तेव्हा ती त्या थरातच होती. पहाटे खाडीकाठी जाळली आणि नवरा सोडून गेली अशी हूल उठवली. पोलिसांत कोणी गेलं नाही. मालक नाहीत, पंढरी नाही, ज्यांना ठाऊक होतं त्यांतलं कोणीच नाही.

त्यानंतर त्या घुमटात मीठ तिच्याच आकाराचं धरायला लागलं. मग त्यांनी ते खरवडणं सोडलं. तेवढी जागा तिची म्हणून ठेवली. "ती गेली न्हाय, साहेब. गार जागा दिसली की बसते. तिला लय उकडतंय," असं तो म्हणाला.

मी शिव्या घातल्या. त्याला, मालकांना, आणि मनातल्या मनात स्वतःलाही. तिची जागा मी हातोडीने फोडली आणि वर पुन्हा तिला कढईत घातलं.

शुक्रवार, ९ डिसेंबर

तिची जागा तिला परत मिळावी म्हणून काल रात्रीच तीन नंबर पुन्हा पेटवून पाहिला. मी घुमटाशेजारी बसलो, भट्टीची झळ अंगावर घेत. पायांवरचं पांढरं उडालं, बरं वाटलं. घुमटात थर धरला, पण साधा, इतरांसारखा. तिचा नाही. घामाचं अंग निवलं आणि ती परत आली, या वेळी गुडघ्यांपर्यंत.

तिला आता वस्तू नको. माठ भरून ठेवला, बादलीत बर्फ आणून ठेवला, त्यांच्याकडे फिरकली नाही. गार अंग तिला सापडलं आहे.

सरलाला तार केली. येऊ नकोस.

रविवार, ११ डिसेंबर

तार पोचायच्या आधीच सरला निघाली होती. दारात उभी, हातात ट्रंक, चिडलेली. स्टँडवर घ्यायला का आला नाहीत म्हणून! मी तिला जवळ घेतलं नाही. तिचा चेहरा उतरला. पाहवत नव्हतं.

मंगळवार, १३ डिसेंबर

सकाळी बंब पेटवून तिने मला ऊन ऊन पाण्याने न्हाऊ घातलं. चुलीपाशी बसवलं, घोंगडी दिली, चहा दिला. पाय गुलाबी झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोटं हलली. मी हसलो, तीही हसली.

मग वास आला. आधी डोळे. मग घसा.

ती मोरीपाशी गार पाण्यात तांदूळ धूत होती. तिने मनगट वर केलं आणि हे काय पांढरं लागलंय म्हणाली. बांगड्यांवर. बारीक बोटांच्या खुणा.

मी बादलीत पाय घातले, गार पाणी डोक्यावर ओतलं, तिला ओरडलो की पेला धर, गरम पेला दोन्ही हातांनी धर. वेडा झालात का म्हणाली, पण धरला. तिचं मनगट स्वच्छ झालं. माझी छाती पांढरी झाली.

म्हणजे असं आहे. शेकलं की ती उडते. उडाली की खोलीत जे जास्त गार अंग असेल त्यावर बसते. मी बरा झालो तर सरलावर.

सगळं सांगितलं तिला. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि तापात बरळता म्हणाली. ताप! मला!

मंगळवार, संध्याकाळ

छातीवर ती पाठ टेकून बसते. मणक्याची रेघ उमटली आहे. हनुवटीखाली काहीतरी टोचतं, गोल. अंबाडा.

श्वास पूर्ण आत जात नाही. हे फार दिवस चालायचं नाही, ते मला कळतं. चालेल. सरला इथून जाईपर्यंत मी तिच्यापेक्षा गार राहिलो पाहिजे, बस.

पंढरीशी बोललो. तो कल्याण रस्त्यावरच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणेल. मी खोटी तार तयार करवली. सरलाच्या वडिलांची तब्येत बिघडली म्हणून.

बुधवार, १४ डिसेंबर

सरला गेली. रडत गेली. तुम्हाला अशा अवस्थेत सोडून कशी जाऊ म्हणत होती. मी वसकन ओरडलो, जा म्हणून. दुसरं काय करणार. पंढरी रिक्षाने स्टँडवर सोडायला गेलाय, पनवेलच्या गाडीत बसवून देतो म्हणाला.

मी लाद्यांवर झोपलोय. खाली गोणपाट, भुसा, वर बर्फ. अंगावरही ठेवलाय. गाडी सुटेपर्यंत एवढंच करायचं.

—

दात वाजायचे थांबले. हे चांगलं नाही, ठाऊक आहे.

ती खांद्यापर्यंत आली. जड आहे. राग नाही येत तिचा. तिला उकडत होतं.

—

गाडी सुटली असेल. पळस्पे, पेण. सरला खिडकीपाशी बसते नेहमी—

—

पंढरी नाही आला अजून.

दारात कोण—

—

सरला. सरला परत आली. स्टँडवरून रोह्याला फोन लावला, वडील ठणठणीत. खोटं कळलं तिला. पंढरीला ढकलून आली म्हणाली.

मला पाहून किंचाळली. बर्फ उचलून बाहेर फेकतेय. लादीमागून लादी. उघड्या हातांनी. मी नको म्हणतो, आवाज निघत नाही. गळा धरलाय आतून—

बर्फ संपला सगळा. आक्कांकडे गेली ती. चूल विझलीय. पेटती शेगडी आणायला.

सरला, हे आधी वाच. शेगडी आत आणू नकोस. आणलीस तर मला शेकू नकोस, स्वतःला शेक. लांब जा. उन्हात जा. उन्हात उभी राहा सरला—

—

आली. निखारे लाल आहेत. वही समोर धरतो, ती बघत नाही. माझे पाय चोळतेय. हात किती गार तिचे. बर्फ उचलून उचलून—

पायांना ऊब. छाती हलकी होतेय. श्वास येतोय. नको, नको येऊ—

वास.

डोळे पुसतेय पदराने. निखाऱ्यांचा धूर म्हणते. हसतेय, मला रंग आला म्हणून.

खोकली.

सरला माझे पाय सोड, तुझे हात, तुझे हात आधी शेगडीवर ध—